विश्लेषण : पोळी-भाजी केंद्र सुरू करायचे तर परवाने किती, खर्च किती?

सुरुवात बहुतेकदा चार डब्यांपासून होते. शेजारच्या इमारतीतल्या नोकरदार जोडप्याला दोन डबे, कोपऱ्यावरच्या वसतिगृहातल्या मुलांना दोन डबे. हाताला चव असते, ओळखीतून ओळख वाढते, डबे पंचवीसवर जातात. मग कुणीतरी म्हणते, ‘ताई, एखादा गाळा घ्या आणि रीतसर केंद्रच सुरू करा.’ इथून पुढे प्रश्नांची रांग लागते. गुमास्ता काढायचा का? फूड लायसन्स कुठे मिळते? जीएसटी लागेल का? ‘सगळी कागदपत्रे करून देतो, बारा हजार द्या’ म्हणणारा एजंट खरे बोलतो का? आणि साठवलेल्या तीन-चार लाखांत हा धंदा उभा राहील का?

महाराष्ट्रात छोटा खाद्यव्यवसाय सुरू करताना कोणती नोंदणी सक्तीची, कोणती ऐच्छिक, सरकारी शुल्क नेमके किती आणि खरा पैसा कुठे खर्च होतो, याचा हा हिशेब. लेखातील शुल्क आणि मर्यादा २०२५ मध्ये लागू असलेल्या नियमांनुसार आहेत.

कंपनी काढावी लागते का?

नाही. एकट्याच्या नावावर धंदा करायचा असेल तर ‘एकल मालकी’ हा सर्वात सोपा प्रकार. त्यासाठी वेगळी नोंदणी नसते. मालकाचा पॅन हाच धंद्याचा पॅन आणि धंद्याचे उत्पन्न मालकाच्या प्राप्तिकर विवरणपत्रातच दाखवायचे. भागीदारी, एलएलपी किंवा खासगी कंपनी या पायऱ्या पुढच्या. त्यांचा हिशेबनिसाचा आणि लेखापरीक्षणाचा खर्च चार पैसे मिळू लागण्याआधीच सुरू होतो.

एकल मालकीत एक धोका मात्र आहे. धंदा आणि मालक कायद्याच्या नजरेत एकच असतात. धंद्याचे कर्ज थकले तर बँक मालकाच्या वैयक्तिक मालमत्तेपर्यंत येऊ शकते. म्हणून कर्ज किती घ्यायचे, हा निर्णय परवान्यांपेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो.

पहिला कागद कोणता?

अन्न सुरक्षा नोंदणी. खाण्याचा पदार्थ विकायचा असेल, मग तो घरच्या ओट्यावर केलेला का असेना, अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असेल तर साधी नोंदणी पुरते. तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये. एक ते पाच वर्षांपर्यंतचे शुल्क एकदम भरता येते, म्हणजे पाच वर्षांचे ५०० रुपये. अर्ज ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पत्ता एवढ्यावर काम होते. राज्यात या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते.

उलाढाल १२ लाखांच्या वर गेली की नोंदणी पुरत नाही, राज्य परवाना घ्यावा लागतो. उपाहारगृह किंवा केटरिंगसाठी त्याचे शुल्क वर्षाला २,००० रुपये. मसाले, लोणची, फरसाण असे उत्पादन करणाऱ्या छोट्या कारखान्यांना ते ३,००० रुपयांपासून सुरू होते.

मिळालेला १४ अंकी क्रमांक केंद्रात ठळक लावायचा आणि बिलावरही छापायचा. बिलावरचा क्रमांक जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. शिवाय अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून दाखला जवळ ठेवावा लागतो. तपासणीला अधिकारी आले की भिंतीवरच्या नोंदणीबरोबर हा दाखलाही मागतात, आणि अनेक ठिकाणी नेमका तोच नसतो.

‘गुमास्ता’ आता कसा मिळतो?

ज्याला सगळे गुमास्ता किंवा शॉप अ‍ॅक्ट म्हणतात, त्याचे नियम २०१७ मध्ये बदलले. जुना १९४८ चा कायदा जाऊन ‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७’ आला. या कायद्यानुसार १० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला परवाना घ्यावा लागत नाही. धंदा सुरू केल्याची ऑनलाइन ‘सूचना’ द्यायची आणि तिची पोच घ्यायची. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा लागू होण्याची मर्यादा १० वरून २० कामगारांवर नेण्याचा निर्णय घेतला. दोन-चार मदतनीस असलेल्या केंद्राला दोन्ही वेळी सूचनेचाच मार्ग आहे.

ही सूचना ‘आपले सरकार’ किंवा कामगार विभागाच्या संकेतस्थळावरून देता येते. खर्च येतो तो सेवा शुल्काचा, सुमारे २४ रुपये. याच कामासाठी बाजारात पाचशे ते दोन हजार रुपये घेतले जातात. लॅमिनेशन केलेला रंगीत ‘परवाना’ हातात पडतो म्हणून लोकही आनंदाने देतात. प्रत्यक्षात तो या २४ रुपयांच्या पोचपावतीचाच कागद असतो.

दुकानाची पाटी विसरू नका. नाव मराठीत, देवनागरी लिपीत असलेच पाहिजे आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम छोट्या दुकानांनाही लागू झाला. पाटी रंगवून घेण्याआधीच हे पाहिले तर दुसऱ्यांदा पैसे जात नाहीत.

उद्यम नोंदणीला पैसे लागतात का?

एक रुपयाही नाही. १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी पूर्णपणे ऑनलाइन आणि मोफत आहे. आधार, पॅन आणि आधारशी जोडलेला मोबाइल एवढेच लागते. कागदपत्रे अपलोड करावी लागत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ गटात येतो. त्यामुळे पोळी-भाजी केंद्र, मसाला कांडप, शिवणकाम, छपाई असे जवळपास सगळे छोटे धंदे यात बसतात.

ही नोंदणी सक्तीची नाही, पण तिचे फायदे आहेत. बँकेत चालू खाते उघडताना आणि कर्ज मागताना ती पुरावा म्हणून चालते. ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाचे शुल्क ९,००० ऐवजी ४,५०० रुपये लागते. एखाद्या कंपनीच्या कँटीनला माल दिला आणि पैसे अडकले, तर ४५ दिवसांच्या आत रक्कम मिळण्याचा कायदेशीर हक्क सांगता येतो.

इंटरनेटवर ‘उद्यम’ शोधले की सर्वात वर बरेचदा खासगी संकेतस्थळे येतात. हुबेहूब सरकारी दिसतात आणि अर्ज भरून झाल्यावर हजार-दीड हजार मागतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते, एवढे पाहिले तरी पुरे.

जीएसटी कधी घ्यावा लागतो?

सुरुवातीलाच जीएसटी घ्यावा लागतो, हा सर्वात मोठा गैरसमज. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपये आणि सेवा देणाऱ्याला २० लाख रुपये ओलांडेपर्यंत नोंदणीची गरज नसते. इथे एक मेख आहे. शिजवलेले जेवण पुरवणे ही जीएसटीच्या भाषेत ‘सेवा’ ठरते. म्हणून पोळी-भाजी केंद्र, खाणावळ, डबा यांच्यासाठी मर्यादा २० लाखांची. बंद पाकिटात मसाला किंवा लोणचे विकणाऱ्यासाठी ४० लाखांची.

मसाला, लोणची अशा वस्तू दुसऱ्या राज्यात विकायच्या असतील तर मर्यादेची सवलत मिळत नाही, पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात ऑनलाइन मंचावरून वस्तू विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना मात्र ऑक्टोबर २०२३ पासून सूट आहे. जेवण पोहोचवणाऱ्या अ‍ॅपवरून विक्री केली तर त्या जेवणावरचा ५ टक्के जीएसटी जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपच ग्राहकाकडून घेऊन सरकारला भरते.

जीएसटी नोंदणी मोफत आहे. पण एकदा घेतली की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते. उशीर झाला तर शून्य विवरणपत्रालाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क बसते. गरज नसताना ‘असू द्या’ म्हणून घेतलेला क्रमांक वर्षभराने सल्लागाराच्या फीसह अंगावर येतो.

व्यवसाय कर : हमखास राहून जाणारा कर

महाराष्ट्रात स्वतःचा धंदा करणाऱ्याला व्यवसाय कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. नोंदणी धंदा सुरू केल्यापासून ३० दिवसांत करायची. पाच वर्षांचा कर एकरकमी भरला तर १०,००० रुपयांत काम होते, म्हणजे एका वर्षाचा कर वाचतो. ६५ वर्षांवरील व्यक्तींना सूट आहे.

मदतनीस ठेवले की दुसरी नोंदणी येते. पुरुष कर्मचाऱ्याचा पगार महिन्याला ७,५०० रुपयांपेक्षा जास्त असेल आणि महिला कर्मचाऱ्याचा २५,००० पेक्षा जास्त असेल, तर त्यांच्या पगारातून व्यवसाय कर कापून सरकारला भरण्याची जबाबदारी मालकाची. फक्त महिला मदतनीस असलेल्या छोट्या केंद्रात ही वेळ सहसा येत नाही.

या करासाठी कुणी दारात येत नाही, म्हणून तो राहतो. मग चार-पाच वर्षांनी नोटीस येते आणि मूळ रकमेबरोबर व्याज, दंडही भरावा लागतो.

गाळ्याचा करार किती रुपयांचा?

भाड्याचा गाळा घेताना ‘लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्स’ करार नोंदवणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार सक्तीचे आहे. शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केलेला कागद त्याची जागा घेत नाही. नोंदणीची जबाबदारी कायद्याने जागामालकावर टाकली आहे, पण करार नसल्याचा फटका भाडेकरूलाच बसतो. वीजजोड आणि बँक खात्यापासून महापालिकेच्या परवान्यापर्यंत सगळीकडे तो मागितला जातो.

मुद्रांक शुल्क काढण्याची रीत सोपी आहे. पूर्ण मुदतीचे एकूण भाडे, त्यात परत मिळणाऱ्या अनामतीवर दर वर्षी १० टक्क्यांप्रमाणे धरलेले व्याज मिळवायचे आणि त्या बेरजेच्या ०.२५ टक्के काढायचे. समजा, भाडे १५,००० रुपये, अनामत एक लाख आणि मुदत तीन वर्षे. एकूण भाडे ५,४०,००० रुपये. अनामतीवरचे धरलेले व्याज ३०,००० रुपये. बेरीज ५,७०,०००. तिचे ०.२५ टक्के म्हणजे १,४२५ रुपये, भरताना साधारण दीड हजार. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. दस्त हाताळणीचे किरकोळ शुल्क वेगळे.

सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. गाळा व्यापारी वापराचा आहे का? तिथे स्वयंपाक करायला, धूर बाहेर सोडायला सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी मिळेल का? पाण्याची आणि सांडपाण्याची सोय आहे का? खाद्यव्यवसायाला महापालिका क्षेत्रात आरोग्य विभागाचा परवाना आणि जागेनुसार अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्यांचे शुल्क शहर, क्षेत्रफळ आणि वापर यांवर ठरते. म्हणून अनामत देण्याआधी प्रभाग कार्यालयात एक चक्कर मारावी. ‘इथे स्वयंपाकाला परवानगी नाही’ हे वाक्य लाखभर अनामत देऊन झाल्यावर ऐकणाऱ्यांची गोष्ट नवी नाही.

घरातून केले तर वीज आणि गॅसचे काय?

घरच्या स्वयंपाकघरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या दररचनेनुसार घराच्या एका भागात व्यवसाय चालत असेल, मासिक वापर ३०० युनिटपर्यंत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षातला एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू राहतो. वापर त्याहून वाढला की व्यापारी दराचा जोड घ्यावा. तो न घेता घरगुती मीटरवर धंदा चालवला तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली ‘अनधिकृत वापर’ धरून दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

गॅसबाबत अशी सवलत नाही. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणे बेकायदा आहे. व्यावसायिक जोडणी आणि १९ किलोचा सिलिंडर घ्यावा लागतो. खर्च वाढतो हे खरे, पण अपघात झाला तर घरगुती सिलिंडर वापरणाऱ्याला विम्याचे पैसे मिळवणे कठीण जाते.

वजनकाटा, पाकीट, पिशवी

तोलून विक्री करणार असाल तर इलेक्ट्रॉनिक काटा वैध मापन शास्त्र विभागाकडून दर वर्षी पडताळून, मुद्रांकित करून घ्यावा लागतो. चटणी, मसाला, लाडू आधीच पाकिटात भरून ठेवून विकायचे असतील तर पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, किरकोळ विक्रीची कमाल किंमत, तारीख आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. अशा पॅकिंगसाठी वैध मापन शास्त्र विभागाची नोंदणी वेगळी, तिचे शुल्क ५०० रुपये. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत तिचा अर्ज करायचा. ऑर्डर आल्यावर ताजे बांधून देण्याला हे लागू होत नाही.

आमटी आणि रस्साभाजी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देण्याची सवय महाग पडते. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला ५,०००, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. दोन रुपयांचा डबा परवडत नाही म्हणणाऱ्याने हा हिशेब जरूर करावा.

सगळ्या कागदांची बेरीज किती?

घरून सुरुवात : अन्न सुरक्षा नोंदणी १०० रुपये, आस्थापना सूचना २४ रुपये, उद्यम शून्य, जीएसटी शून्य, व्यवसाय कर २,५०० रुपये. एकूण २,६२४ रुपये, आणि त्यातला बहुतांश भाग कराचा.

गाळा घेऊन सुरुवात : वरचे २,६२४ रुपये, अधिक कराराचे मुद्रांक शुल्क सुमारे १,५०० आणि नोंदणी १,०००. एकूण सव्वापाच हजारांच्या आत. महापालिकेचा परवाना आणि अग्निशमन शुल्क स्थानिक दराप्रमाणे त्यावर.

मग ‘धंद्यात पैसे बुडाले’ असे म्हणणाऱ्यांचे पैसे जातात कुठे?

खरा खर्च : आकड्यांत पाहू

एका शहरातल्या छोट्या केंद्राचा नमुना हिशेब घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या गावातले भाडे आणि दर टाकून वाचकाने तो स्वतः करून पाहावा.

सुरुवातीचा पैसा : अनामत १,००,००० रुपये. शेगड्या, ओटा, सिंक, भांडी, धुराडे, जुना फ्रीज मिळून १,२०,०००. पहिला किराणा १५,०००. कागदपत्रे ५,०००. आणि धंदा बसेपर्यंत तीन महिन्यांचा स्थिर खर्च.

स्थिर खर्च म्हणजे गिऱ्हाईक आले नाही तरी होणारा खर्च. भाडे १५,०००, दोन अर्धवेळ मदतनीसांचा पगार १६,०००, वीज ३,०००, स्वच्छता, फोन आणि दुरुस्ती २,०००. महिन्याला ३६,०००. तीन महिन्यांचे १,०८,०००. सगळे मिळून ३,४८,००० रुपये. यात परवान्यांचा वाटा शंभरातला दीड रुपया.

आता विक्री. तीन पोळ्या आणि भाजीचे पार्सल ७० रुपयांना, त्यात कणीक, तेल, भाजी, गॅस, डबा मिळून ४० रुपये गेले. एका पार्सलमागे उरले ३० रुपये. ३६,००० रुपये भरून काढायला महिन्याला १,२०० पार्सले विकावी लागतील. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ४७. एवढी विक्री झाली तर तोटा नाही, पण मालकिणीच्या हातातही काही नाही. तिला स्वतःला महिन्याला १५,००० रुपये हवे असतील तर रोज ६६ पार्सले लागतील. तीन लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले, तर साधारण साडेसहा हजारांचा हप्ता धरून हा आकडा ७४ वर जातो.

अ‍ॅपवरून विक्री वाढेल, असे वाटते. समजा, अ‍ॅपने शेकडा २५ कापले. ७० रुपयांतले साडेसतरा रुपये तिकडे गेले आणि पार्सलमागे उरले साडेबारा. त्याच ३६,००० रुपयांसाठी आता १,२०० नव्हे, २,८८० पार्सले करावी लागतील. म्हणून अ‍ॅपवरचा दर वेगळा ठेवणे किंवा अ‍ॅप फक्त ओळख होण्यापुरते वापरणे, हे निर्णय सुरुवातीलाच घ्यावे लागतात.

या हिशेबातून परवान्यांबद्दलही एक गोष्ट कळते. रोज ५५ पार्सले विकली की वर्षाची उलाढाल १२ लाख ओलांडते. म्हणजे मालकिणीला स्वतःचा पगार सुटण्याआधीच १०० रुपयांची अन्न नोंदणी अपुरी पडते आणि २,००० रुपयांचा राज्य परवाना घ्यावा लागतो. रोज ९२ पार्सले झाली की २० लाखांची रेषा ओलांडून जीएसटी येतो. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

कर्ज आणि अनुदान : काय मिळते, कधी मिळते?

मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत. तरुण गटाचे कर्ज फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. यात अनुदान नसते, पूर्ण रक्कम व्याजासह फेडायची असते.

अनुदान मिळते ते पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात. सेवा व्यवसायासाठी प्रकल्प खर्च २० लाखांपर्यंत आणि उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत. सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक यांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाचा १० टक्के, इतरांचा ५ टक्के. शहरातल्या महिलेचा चार लाखांचा प्रकल्प असेल तर तिने २० हजार घालायचे, बँक ३ लाख ८० हजार देणार आणि एक लाख अनुदान.

हे एक लाख हातात मिळत नाहीत, हे नीट समजून घ्यायला हवे. ते बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहतात. धंदा चालू राहिला तर मुदतीनंतर कर्जात वळते होतात. दुसरे म्हणजे योजना नव्या उद्योगासाठी आहे. आधी केंद्र थाटले आणि मग अर्ज केला तर तो नाकारला जाऊ शकतो. आणि एका कुटुंबातून, म्हणजे पती-पत्नींपैकी, एकालाच लाभ मिळतो. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीवर २०१९ पासून चालतो. दोन्हींची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

मसाले, पापड, लोणची अशा प्रक्रिया उद्योगांसाठी ‘पीएमएफएमई’ योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. बचत गटातल्या सदस्याला खेळते भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळते. राज्यात ही योजना कृषी विभाग राबवतो. मराठा तरुणांना अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाकडून बँक कर्जावर व्याज परतावा मिळतो.

‘मुद्रा कर्ज मंजूर झाले, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असा मोबाइलवर येणारा संदेश फसवणुकीचा असतो. मुद्रा योजनेसाठी सरकारने कोणताही एजंट नेमलेला नाही.

कोणत्या क्रमाने करावे?

पहिले दोन-तीन महिने घरातूनच डबे द्यावेत. त्यासाठी अन्न नोंदणी आणि उद्यम एवढे आधी करावे. या काळात रोजची विक्री आणि रोजचा खर्च वहीत लिहावा. एका पार्सलमागे खरोखर किती उरतात, हा आकडा वहीशिवाय सापडत नाही.

अनुदानाची योजना घ्यायची असेल तर गाळ्यात पैसे गुंतवण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जावे. कर्ज मंजूर झाल्यावर गाळा पाहावा, महापालिकेत चौकशी करावी, मग नोंदणीकृत करार करावा. करार झाला की नव्या पत्त्यावर अन्न नोंदणी, आस्थापना सूचना, महापालिकेचा परवाना, व्यापारी वीज आणि गॅस. उद्यम नोंदणीतला पत्ताही बदलून घ्यावा. उद्यम, आस्थापना सूचना, अन्न नोंदणी यांपैकी दोन कागद दाखवून बँकेत धंद्याच्या नावाने चालू खाते उघडता येते. घरखर्चाचे आणि धंद्याचे पैसे वेगळे झाले की निम्मा गोंधळ संपतो.

एजंट नेमूच नये, असे नाही. वेळ नसेल, ऑनलाइन अर्ज जमत नसतील तर मोबदला देऊन काम करून घेण्यात गैर काही नाही. फक्त सरकारी शुल्क किती आणि त्याची फी किती, हे वेगवेगळे लिहून मागावे. अर्जात मोबाइल आणि ई-मेल आपलाच द्यावा आणि सगळ्या पावत्या, पासवर्ड आपल्याकडे ठेवावेत. नाही तर वर्षाने नूतनीकरणासाठी पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागते.

चार डब्यांवरून केंद्रापर्यंत जाताना सरकारी कागदांचा खर्च हा सगळ्यात छोटा आकडा आहे. बारा हजार मागणाऱ्या एजंटकडून वाचलेले सहा-सात हजारही मोठे वाटतील, पण केंद्र टिकते की नाही हे ठरते ते भाडे, पार्सलमागचे तीस रुपये आणि पहिल्या तीन महिन्यांसाठी बाजूला काढलेली रक्कम यांवर. ती रक्कम हाताशी नसेल, तर गाळ्याची अनामत देण्याआधी आणखी काही महिने घरूनच डबे देणे शहाणपणाचे.